पारधीचा परवाना आणि बिल्ल्याचा हिशेब

खरिपाचे धान्य घरात आले, हरभऱ्याला घाटे धरू लागले आणि तुरीच्या शेंगा भरू लागल्या, म्हणजे इतर ठिकाणच्या शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. परंतु जंगलकाठच्या शेतकऱ्याची खरी मेहनत तेव्हाच सुरू होते. नागपूर जिल्ह्यातील उमरेड, भिवापूर, कुही, रामटेक, पारशिवनी व हिंगणा या तालुक्यांत रात्री फिरणाऱ्यास माळ्यामाळ्यावर दिवे दिसतात, डबे वाजविल्याचे आवाज व हाकारे ऐकू येतात. दिवसा वखर-डवऱ्यामागे चालावयाचे आणि रात्री थंडीत जागल करावयाची, अशी ही दुहेरी राबणूक आहे. इतके करूनही पहाटे डोळा लागला की रोह्यांचा कळप किंवा डुकरांची टोळी वावरात शिरते आणि चार महिन्यांच्या श्रमाची दोन घटकांत माती करून जाते.

या विषयावर शेतकऱ्यांच्या बैठकींतून सामान्यतः दोनच मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की शेतकऱ्यास बंदूक द्या आणि जे जनावर वावरात येईल ते मारण्याची मोकळीक द्या. दुसरा पक्ष म्हणतो की रानातील जीवास हात लावणेच चूक. नुकसान झाले तर सरकारने भरपाई द्यावी म्हणजे झाले. आमच्या मते हे दोन्ही पक्ष मूळ प्रश्नास बगल देतात. किती जनावरे मारावीत हे कोणी ठरवावे, मारलेल्या प्रत्येक जनावराचा हिशेब कोणी ठेवावा आणि हे ठरविण्यात शेतकऱ्यास स्थान असावे की नसावे, हा मूळ प्रश्न होय. इतर कित्येक देशांत तो परवाना व बिल्ला या जोडीने सोडविण्याचा प्रयत्न झाला आहे. आपल्याकडे परवाना आला, गेला आणि दुसऱ्या रूपाने पुन्हा आला. बिल्ला मात्र रुजला नाही. ही उणीव कशी राहिली, तिचे परिणाम काय झाले आणि ती कशी भरून काढता येईल, याचा विचार आम्ही येथे वाचकांपुढे मांडीत आहो.

सारंग, कुरंग आणि रानडुक्कर

प्रथम जनावरांची ओळख नीट करून घेणे अवश्य आहे. ज्यांस आपण सरसकट हरणे म्हणतो त्यांत दोन कुळे आहेत. चितळ, सांबर व भेकर ही सारंग कुळातील. यांच्या नरांची शिंगे भरीव असून ती गळून पडतात व पुन्हा नवी येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा व रोही ही कुरंग कुळातील. यांची शिंगे पोकळ असून ती आतील हाडावर कायमची बसलेली असतात व गळत नाहीत. पीकनुकसानीच्या शासकीय नियमांतही हरणांचा उल्लेख ‘सारंग व कुरंग’ असाच येतो. रानडुक्कर या दोहोंहून निराळे.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. चितळाची मादी सुमारे साडेसात महिने गाभण राहून बहुधा एकच पाडस देते. रोहीची मादी सुमारे आठ महिन्यांनी विते आणि तिला जुळी पाडसे होणे ही नित्याची गोष्ट आहे. रानडुकरीण सुमारे चार महिन्यांतच विऊन एका वेळी चार-सहा पिले घालते. म्हणजे ज्या वेगाने डुकरे वाढतात त्या वेगाने चितळे वाढत नाहीत. आणि जो नियम डुकरास लागू करावयाचा तोच चितळास लावला तर एकीकडे काही फरक पडणार नाही व दुसरीकडे रान ओस पडेल. शिवाय एक नर अनेक माद्यांस पुरतो. गावच्या साऱ्या गायींना एक वळू पुरतो हे शेतकऱ्यास सांगावयास नको. सबब दहा नर मारले तरी पुढील वर्षीच्या पाडसांची संख्या फारशी घटत नाही. ती घटते ती माद्या घटल्या म्हणजेच. शिकारीच्या कोणत्याही नियमात जनावराची जात व लिंग यांचा उल्लेख नसेल, तर तो नियम नसून नुसती मोकळीक होय.

मध्यप्रांतातील जुनी व्यवस्था

१८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी झाली. सातपुड्याच्या या रानांची ख्याती जेम्स फॉर्साइथ याच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने विलायतेपर्यंत गेली. पुढे राखीव जंगलांचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडण्यात आले. शिकाऱ्याने वनखात्याकडे अर्ज करावयाचा, ठराविक मुदतीपुरता एक ब्लॉक आपल्या नावे घ्यावयाचा, फी भरावयाची आणि परवान्यावर लिहिलेल्या जातीची व लिहिलेल्या संख्येपुरतीच जनावरे मारावयाची, अशी ती रीत होती. एखाद्या ब्लॉकात शिकार फार झाली तर तो काही काळ बंद ठेवीत. ए. ए. डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याने १९२३ साली मध्य हिंदुस्थानातील वन्य जनावरांवर जे पुस्तक लिहिले, ते याच प्रांतातील नोकरीच्या अनुभवावर आधारलेले आहे. ताडोबाच्या रानात तर १९३५ पासून शिकारीस बंदीच झाली.

१९१२ सालच्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने प्रांतिक सरकारांस शिकारीचा बंद काळ ठरविण्याचा अधिकार दिला. माद्या व लहान पाडसे यांच्यापुरता निराळा बंद काळ ठरविण्याचीही त्यात सोय होती. परंतु त्याच कायद्यात एक अपवाद होता. आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी सद्धेतूने कोणी जनावर मारले तर त्यास तो कायदा लागू होत नसे. म्हणजे उभे पीक वाचविण्यासाठी मारलेल्या हरणाची नोंद कोठेच होत नव्हती. राखीव जंगलाबाहेर मालगुजारांच्या रानांत तर ब्लॉकांची व्यवस्थाही नव्हती.

या व्यवस्थेचा गुण व दोष दोन्ही येथे ध्यानात घ्यावेत. गुण हा की राखीव जंगलात मारावयाच्या जनावरांची संख्या आधी ठरत असे. दोष हा की ती संख्या शिकाऱ्याच्या हौसेकडे पाहून ठरे, शेतकऱ्याच्या पिकाकडे पाहून नव्हे. साहेबास मोठ्या शिंगांचा नर हवा असे. शेतकऱ्याच्या तुरीत मात्र माद्या व पाडसांचा कळप शिरे. जंगलाच्या आतील हिशेब वनखात्याकडे होता आणि जंगलाबाहेरील हिशेब कोणाकडेच नव्हता.

पीकसंरक्षणाची बंदूक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याची टंचाई पडली आणि ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली. त्या काळात व स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत पीकसंरक्षणासाठी बंदुकांचे परवाने सढळपणे देण्यात आले. १९५९ सालच्या शस्त्र कायद्यानेही ही सोय कायम ठेविली. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा आणि ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, अशी त्यात तरतूद आहे.

हेतू उत्तम होता. परंतु बंदुकीस परवाना होता, गोळीस नव्हता. कोणत्या बंदुकीने कोणते जनावर, कोठे व किती मारले, हे विचारणारे कोणी नव्हते. पीकसंरक्षणाच्या नावाखाली मांसासाठी शिकार होऊ लागली. जीपगाडी व प्रखर दिवे यांची तीत भर पडली. ज्या माळरानांवर काळविटांचे मोठमोठे कळप चरत असत, तेथे ते विरळ झाले. या काळातील शिकारीचा दोष पुष्कळदा सरसकट शेतकऱ्यावर ठेवला जातो. तो सर्वस्वी न्याय्य नाही. जेथे हिशेबच नाही तेथे पीक राखणारा आणि मांस विकणारा हे दोघे एकाच पंक्तीस बसतात, आणि मग कायदा येतो तो दोघांवर सारखाच येतो.

१९७२ चा कायदा व त्यानंतर

तो कायदा १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या रूपाने आला. प्रथम त्यात शिकार सर्वस्वी बंद नव्हती. काळवीट, वाघ इत्यादी पहिल्या अनुसूचीतील प्राणी वर्ज्य करून इतरांसाठी विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार व वन्यप्राणी पकडणे असे परवान्यांचे वर्ग होते. परवानाधारकाने मारलेल्या प्राण्यांची नोंद ठेवावी असे बंधनही होते. चितळ, सांबर, रोही व रानडुक्कर ही तिसऱ्या अनुसूचीत होती. १९९१ च्या दुरुस्तीने हे सर्व परवाने रद्द झाले आणि त्यांच्याबरोबर नोंदीचे कलमही गेले. हौसेची शिकार संपली, हे योग्यच झाले. शिल्लक राहिले ते अकरावे कलम. त्यान्वये मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झालेले, पहिल्या अनुसूचीबाहेरील जनावर किंवा जनावरांचा समूह ठराविक क्षेत्रात मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तीत रोही व रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. काळवीट पहिलीत आहे व त्यास पिकाच्या कारणावरून मारता येत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१५ च्या जुलै महिन्यात रोही व रानडुक्कर यांच्या पारधीचा परवाना देण्याचे काम वनक्षेत्रपालांपर्यंत खाली आणले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे एक पाऊल पुढे पडले यात संशय नाही. कारण त्यास नागपूरच्या वनभवनाचे उंबरठे झिजविण्याचे कारण उरले नाही. परंतु परवाना हाती आला तरी गोळी कोणी घालावी? बहुसंख्य शेतकऱ्यांजवळ बंदूक नाही, आणि निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. ज्यांजवळ ठासणीची बंदूक आहे त्यांच्या हातून अंधारात रोही मरत नाही, जखमी होते. ते जखमी जनावर चार वावरे तुडवीत रानात जाऊन तडफडून मरते व कोणाच्याच हिशेबात येत नाही. गावशिवारात एकंदर किती जनावरे आहेत व त्यांतून किती कमी करावयाची, हा प्रश्न तर परवान्याच्या कागदावर कोठेच नाही. एकेका शेतकऱ्याच्या एकेका अर्जावर दिलेला परवाना म्हणजे गळक्या छपराखाली ठेवलेला एकेक टोपला होय.

विजेची तार

परवान्याची ही वाट अशी खडतर राहिल्याने काही ठिकाणी जी चोरवाट निघाली तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. वीजवाहिनीवर आकडा टाकून वावराभोवतीच्या उघड्या तारेत रात्री प्रवाह सोडून देतात. २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडच्या परिसरात ‘श्रीनिवास’ नावाचा, गळ्यात रेडिओपट्टा असलेला तरुण वाघ अशाच तारेने मेला. वाघ मेला म्हणजे वर्तमानपत्रांत बातमी येते. परंतु त्याच तारेने बैल मरतात, पहाटे पाणी द्यावयास निघालेला शेजारी मरतो, आणि कित्येकदा तार लावणारा स्वतःच मरतो. मागे घरधन्याविना कुटुंब उरते किंवा खटला उभा राहतो.

सौर कुंपण व ही तार यांत काही वाचकांचा घोटाळा होतो, म्हणून सांगतो. सौर कुंपणाचे यंत्र साधारण सेकंदास एकदा, अगदी क्षणभर झटका देते. जनावर दचकून मागे फिरते व स्नायू मोकळे राहतात. वीजवाहिनीच्या तारेतील प्रवाह अखंड असतो; तो अंगास धरून ठेवतो आणि जीव घेऊनच सोडतो. पहिले राखणीचे साधन आहे, दुसरे फासाचे. जंगलकाठच्या गावांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणास अनुदान देण्याची व्यवस्था झाली, ती स्तुत्य आहे. पण एकट्यादुकट्याच्या कुंपणाने जनावर नाहीसे होत नाही; ते शेजारच्या धुऱ्यावरून आत शिरते.

परदेशांतील बिल्ला

आता बिल्ला म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्य हे दूधदुभत्याचे व शेतीचे राज्य असून तेथे हरणांचा उपद्रव मोठा आहे. तेथील शिकाऱ्यास परवान्याबरोबर एका हरणामागे एक असा अनुज्ञापत्राचा बिल्ला घ्यावा लागतो. नराचा वेगळा व बिनशिंगी म्हणजे मुख्यतः मादीचा वेगळा. पूर्वी हा बिल्ला मारलेल्या हरणास बांधून नोंदणी केंद्रावर न्यावा लागे. २०१५ पासून दूरध्वनीने किंवा संगणकावरून नोंद करण्याची पद्धत आली व दुसऱ्या दिवशीच्या सायंकाळी ५ वाजण्यापूर्वी ती करणे बंधनकारक आहे. बिल्ला धातूचा असो, कागदाचा असो वा नुसता क्रमांक असो, त्याचे मर्म एकच. एक बिल्ला, एक जनावर, एक नोंद.

हे बिल्ले किती काढावयाचे, हा तर आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग. २०१४ पासून तेथे प्रत्येक काऊंटीत हरणांविषयी सल्लागार मंडळे नेमली आहेत. त्यांत शिकाऱ्यांबरोबर शेती व वनव्यवसाय यांचेही प्रतिनिधी बसतात, मागील वर्षाच्या नोंदी पाहतात आणि पुढील वर्षी किती माद्या कमी कराव्यात याची शिफारस करतात. या स्थितीस येण्यास त्यांना दीर्घ काळ लागला. १९४३ साली त्या राज्यात माद्या मारण्याची परवानगी दिली तेव्हा लोकांनी मोठा गहजब केला आणि तिचा पुरस्कार करणाऱ्या आल्डो लिओपोल्ड या विद्वानास पुष्कळ निंदा सोसावी लागली. हिशेब वर्षानुवर्षे लोकांपुढे येत गेला तेव्हाच विश्वास बसत गेला.

जर्मनीची रीत आणखी निराळी व जमीनधारकास अधिक मान देणारी आहे. १८४८ च्या क्रांतीत तेथे शिकारीचा हक्क सरदारांकडून निघून जमीनधारकाकडे आला. ज्याची सलग जमीन किमान ७५ हेक्टर असेल त्याचे स्वतंत्र शिकारक्षेत्र होते. लहान जमीनधारकांनी कायद्याने बनलेल्या सामाईक मंडळात यावयाचे, ज्याचे क्षेत्र सामान्यतः किमान १५० हेक्टर लागते. हे मंडळ शिकारीचा हक्क खंडाने देते. हरणे वर्षाच्या मंजूर योजनेत ठरलेल्या संख्येनुसारच मारता येतात; रानडुकरास मात्र अशा योजनेची अट नाही, कारण ते झपाट्याने वाढते. पिकाच्या नुकसानीची भरपाई कायद्याने या मंडळाकडे असते व करारान्वये ती बहुधा खंडकऱ्यावर पडते. ज्याने हक्क घेतला त्यानेच जबाबदारीही घ्यावी, हे त्यातील तत्त्व.

ही रीत जशीच्या तशी येथे आणावी असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे व ती बंदच राहावी. घ्यावयाचा तो हिशेबाचा गाभा.

स्वदेशातील दोन अनुभव

केंद्र सरकारने २०१५ च्या डिसेंबरमध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही व रानडुक्कर यांस मुदतीपुरते ‘उपद्रवी’ ठरविले. उपद्रवी ठरविणे म्हणजे त्या क्षेत्रात त्या प्राण्यास कायद्याचे संरक्षण न उरणे. मग ना परवाना, ना संख्या. २०१६ च्या जूनमध्ये मोकामाच्या परिसरात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी थोड्याच दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारल्या. देशभर वादळ उठले व केंद्रातील दोन मंत्र्यांतही जाहीर मतभेद झाला. शेतकऱ्याची मागणी खरी होती. पण पद्धत अशी की ती पाहून शहरवासीयांची सहानुभूतीच नाहीशी झाली.

उलट केरळने २०२२ च्या मे महिन्यात अकराव्या कलमाचाच आधार घेऊन रानडुकराविषयी आदेश देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांस दिला. परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी करावयाची, त्यांच्याकडूनच डुक्कर मारवावयाचे, मृत जनावराची विल्हेवाट लावून संस्थेच्या दप्तरात नोंद करावयाची, अशी ती योजना. तीही निर्दोष नाही. तथापि कायदा न बदलता निर्णय गावापर्यंत आणता येतो, इतके तिने सिद्ध केले.

आमची सूचना

वरील विचारावरून परवान्याच्या पद्धतीत पुढील सुधारणा व्हाव्यात असे आम्हांस वाटते. या सर्व अकराव्या कलमाच्या चौकटीत बसतील अशी आमची समजूत आहे.

१. परवाना एकेका अर्जावर न देता सलग पाच-दहा गावांचा एक गट धरून द्यावा. वनखात्याने दरवर्षी उन्हाळ्यात, शेतकऱ्यांस बरोबर घेऊन, गटातील रोही व रानडुकरांची मोजदाद करावी आणि खरिपाच्या पेरणीपूर्वी वर्षाचा आकडा जाहीर करावा.

२. त्या आकड्याइतकेच क्रमांक घातलेले बिल्ले काढावेत. बिल्ल्यावर जात व लिंग छापलेले असावे. जनावर पडल्या जागीच, ते हलविण्यापूर्वी, बिल्ला लावावा व छायाचित्रासह त्याच दिवशी नोंद व्हावी. उरलेले बिल्ले परत करावेत. जखमी होऊन निसटलेले जनावरही एक बिल्ला खर्ची घालूनच नोंदावे.

३. गोळी शेतकऱ्याने घालू नये. तालुकावार परीक्षा घेऊन परवानाधारक नेमबाजांची यादी करावी आणि त्यांचा मेहनताना सरकारने द्यावा. माग काढण्याच्या कामी रानाची पिढीजात माहिती असलेल्या लोकांस मजुरी देऊन सोबत घ्यावे.

४. व्याघ्रप्रकल्पांच्या व अभयारण्यांच्या लगतच्या पट्ट्यात बिल्ले देताना विशेष जपावे, आणि चितळ व सांबर यांस या योजनेत तूर्त घेऊ नये. उमरेड-कऱ्हांडला, पेंच व बोर येथील वाघ मुख्यतः यांवरच जगतात. चितळ संपले तर वाघाची पावले गोठ्याकडे वळतील. चितळाच्या नुकसानीस कुंपण व पूर्ण भरपाई हाच उपाय होय.

५. मारलेले जनावर कायद्याने शासनाचे असते. म्हणून पंचनामा होऊन ते पुरावे किंवा जाळावे. मांसाचा मोह ठेवला की हिशेब बिघडतो, हे पूर्वीच्या अनुभवाने कळले आहे.

६. बिल्ल्यांचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा व ग्रामसभेत वाचावा. पुढील वर्षाचा आकडा या जमाखर्चावर व पिकाच्या नुकसानीच्या नोंदींवर ठरावा.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप दयेचा आहे. रोहीस नीलगाय म्हणतात, मग तिच्यावर गोळी कशी घालावी, असे कित्येक शेतकरीच म्हणतात. रोही गाईच्या जातीची नसून कुरंग आहे, हे वर सांगितलेच. तरी ज्या गावास ते मान्य नसेल त्या गावाने आपले बिल्ले परत करावेत. बिल्ला हा हक्क आहे, सक्ती नव्हे. परंतु तारेत तडफडणारे जनावर आणि नेमक्या गोळीने पडणारे जनावर यांत दया कोणती, याचाही विचार व्हावा.

दुसरा आक्षेप असा की बिल्ल्याच्या आडून चोरटी शिकार वाढेल. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. आज रानात मेलेल्या जनावराकडे पाहून ते कोणी व कोणत्या अधिकाराने मारले हे सांगता येत नाही. बिल्ला आला की बिल्ल्याविना सापडलेले प्रत्येक जनावर आपोआप चोरीचे ठरेल. पैशाच्या नाण्यावर छाप असतो तो खोटे नाणे ओळखू यावे म्हणूनच.

तिसरा आक्षेप भरपाई आहे ना, मग मारावयाचे कशास, हा होय. भरपाई अवश्य मिळावी व वेळेवर मिळावी. परंतु शेतकरी पेरतो ते पीक घरी यावे म्हणून, पंचनामा व्हावा म्हणून नव्हे. रात्रीची जागल, मोडलेली झोप, बायकामुलांचा घोर आणि भीतीने सोडून दिलेले भुईमुगाचे पीक यांची किंमत कोणत्याच पंचनाम्यात लिहिली जात नाही.

शेतकऱ्यांनी आज काय करावे

शासन ही पद्धत स्वीकारील तेव्हा स्वीकारील. हिशेबाचा आरंभ मात्र आपल्या हाती आहे. प्रत्येक गावच्या सभासदांनी एक नोंदवही घालावी. तीत तारीख, गट क्रमांक, पीक, अंदाजे किती गुंठे नासले आणि कोणते जनावर, एवढे पाच रकाने पुरेत. जनावर ओळखणे कठीण नाही. डुक्कर जमीन उकरते व उभे पीक लोळविते. रोही शेंडे व फांद्या ओरबाडते आणि धुऱ्यावर एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकून ढीग करते. चितळांचा कळप सांजसकाळ येतो, कोवळे शेंडे खुडतो आणि त्यांचे खूर रोहीच्या खुरांहून पुष्कळ लहान उमटतात. नुकसान होताच तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल यांच्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. ‘मिळणार तरी किती’ म्हणून जो अर्ज करीत नाही, त्याचे नुकसान सरकारच्या दप्तरी झालेलेच नसते. आणि उद्या गटाचा आकडा ठरेल तेव्हा त्याच्या गावास बिल्ले मिळणार नाहीत.

त्याचबरोबर तारेत वीज सोडावयाची नाही, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने स्वतः होऊन करावा. ज्या गावाच्या शिवारात मरणाची तार आहे त्या गावाने हिशेबी परवान्याची मागणी कोणत्या तोंडाने करावी? एका हातात नोंदवही आणि दुसऱ्या हातात हा ठराव घेऊन आपण वनभवनात गेलो, किंवा हिवाळी अधिवेशनास नागपुरात येणाऱ्या आमदारांपुढे उभे राहिलो, तर आपले म्हणणे ऐकून घेणे त्यांस भाग पडेल. साहेबाच्या काळी शिकारीचा आकडा कचेरीत ठरत होता. पुढे तो कोठेच ठरेनासा झाला. आता तो शिवारात, शेतकऱ्याच्या समक्ष व सर्वांच्या डोळ्यांदेखत ठरावा, एवढीच आमची मागणी आहे.